नरारा (जामनगर): ओहोटीतली प्रवाळवाट, दिवस आणि वेळ कशी ठरवायची?

सिंहगडरोडकर

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जामनगरला जायचं ठरतंय. कच्छच्या आखातातल्या सागरी राष्ट्रीय उद्यानात नरारा इथे ओहोटीला समुद्राच्या तळावरून चालत प्रवाळ बघता येतात, ते मुख्य आकर्षण. आम्ही पाचजण: दोघं मोठे, ९ आणि १३ वर्षांची मुलं आणि आई (६६, गुडघे कुरकुरतात).

मोबाईलच्या ॲपवर जामनगरची ओहोटी पाहिली. आम्हाला सोयीच्या दिवशी दुपारी १:५० ला ओहोटी, उंची १.९ मीटर असं दिसतंय. जेवून दीडपर्यंत पोहोचलो तर चालेल ना? पायात काय घालायचं? आईला कितपत जमेल? पिरोटन बेटही जमवता येईल का? आणि फ्लोटर्स आहेतच सगळ्यांकडे, ते पुरतील असं वाटतं.

---

खारा वारा

नाही चालणार. वेळ नंतर बघू, आधी तो १.९ चा आकडा बघा. तो भांगाच्या (अष्टमीच्या सुमाराच्या, पाणी कमी चढतं-उतरतं त्या दिवसांच्या) ओहोटीचा आहे. पंचांग उघडा, तिथी अष्टमी-नवमीच्या आसपास असणार.

आखाताच्या त्या भागात उधाणाला (पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला, पाणी सर्वांत जास्त चढतं-उतरतं तेव्हा) पाणी साधारण पाऊण मीटरपर्यंत उतरतं आणि सव्वापाच-साडेपाच मीटरपर्यंत चढतं. भांगात ते पावणेदोन-दोन मीटरवरच थबकतं. मुंबईला उधाणाचा चढउतार साडेतीन-पावणेचार मीटर, मालवणकडे त्याहून बराच कमी. आखात आत निमुळतं आणि उथळ होत जातं, त्यामुळे तिथे पाणी जास्त फुगतं आणि जास्त ओसरतं. नराराचं सगळं वैभव या जास्तीच्या ओसरण्यामुळे उघडं पडतं. भांगाला गेलात तर तिवरं, चिखल आणि गुडघाभर गढूळ पाणी बघून परत याल, आणि मुलं विचारतील की प्रवाळ कुठे आहेत.

आता हिशेब. भरतीला सुमारे सहा तास लागतात, पण पाणी एकसारखं चढत नाही. ढोबळ नियम बाराव्या हिश्श्यांचा: पहिल्या तासात एक हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन, मग एक. चढउतार ४.८ मीटरचा धरला तर पहिल्या तासात ४० सेंटीमीटर, दुसऱ्यात ८०, तिसऱ्यात १२०. म्हणजे ०.७ मीटरच्या ओहोटीनंतर तासाभराने पाणी १.१ वर आणि दोन तासांनी १.९ वर. तुम्ही ज्या पातळीला *सुरुवात* करणार आहात, त्या पातळीला उधाणाच्या दिवशी वाटाडे लोकांना केव्हाच किनाऱ्यावर आणून सोडतात.

माझं मोजमाप असं: तक्त्यात ओहोटी १ मीटरच्या आत असेल तर उत्तम. १ ते १.३ असेल तर अलीकडची डबकी नीट बघता येतात, लांबचा प्रवाळ पट्टा नाही. १.५ च्या वर असेल तर त्या दिवशी पक्षी बघा.

आणि दिवसाला दोन ओहोट्या असतात, त्या सारख्या नसतात. सकाळची ०.६ आणि संध्याकाळची १.१ किंवा उलट असू शकतं. दोन्ही आकडे वाचा.

---

निवटी

खारा वारा यांच्याशी सहमत, फक्त एक भर. उधाण पौर्णिमा-अमावास्येच्या दिवशी टोकाला जात नाही, एक-दोन दिवस मागाहून जातं. म्हणून सगळ्यात खोल ओहोटी द्वितीया-तृतीयेच्या सुमारास मिळते.

पण मुलं आणि आजी बरोबर असताना मी आकड्यामागे इतकी धावणार नाही. त्या किनाऱ्यावर पौर्णिमा-अमावास्येला ओहोटी सकाळी लवकर आणि मग संध्याकाळी येते. डिसेंबरअखेर जामनगरला सूर्यच सव्वासातनंतर उगवतो. सातच्या ओहोटीसाठी साडेपाचला वाळूत उतरणार का? अंधारात प्रवाळावर पाय देऊ नये, दोघांच्याही भल्यासाठी. ओहोटी रोज सरासरी पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते, उधाणाच्या दिवसांत त्याहून थोडी कमी. तृतीया-चतुर्थीपर्यंत ती सकाळी नऊच्या पुढेमागे येते, पाणी अजून बऱ्यापैकी उतरतं, ऊन चढलेलं नसतं आणि वाराही कमी असतो. वाऱ्याचं महत्त्व लोक विसरतात. डबक्यावर लहरी उठल्या की आतलं काही दिसत नाही, मग पाणी कितीही नितळ असो.

वेळ बघताना कुठल्या बंदराचा तक्ता आहे ते तपासा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या तक्त्यांत ओखा आणि कांडला ही बंदरं येतात. ओखा आखाताच्या तोंडाशी, कांडला आत. भरतीची लाट तोंडाकडून आत जाते, त्यामुळे नराराची ओहोटी ओख्यानंतर आणि कांडल्याआधी. सगळ्यात जवळचं बंदर वाडिनार, तिथली किंवा शेजारच्या सिक्का बंदराची वेळ मिळाली तर ती घ्या. काही ॲप 'जामनगर' लिहून भलत्याच बंदराचे आकडे दाखवतात. मुंबईची वेळ तर अजिबात लावू नका.

---

तिवराची शेंग

प्रत्यक्ष चालण्याबद्दल लिहिते.

जामनगरहून नरारा सुमारे ६० किलोमीटर. द्वारकेच्या रस्त्याला लागून वाडिनारकडे वळायचं. वाटेत तेलशुद्धीकरणाचा पट्टा आहे, टँकर भरपूर, म्हणून दीड तास हाताशी ठेवा. वनखात्याच्या चौकीवर नोंद, परवानगी आणि वाटाड्या. सगळ्यांची ओळखपत्रं आणि रोख पैसे जवळ असू द्या. वाटाड्याशिवाय जाऊ नका. कुठल्या ओहळात आज चिखल बसलाय हे दर उधाणाला बदलतं आणि ते त्यांनाच ठाऊक असतं.

वेळेचं गणित ओहोटीच्या क्षणापासून उलटं लावा. समजा ओहोटी ९:१५ ला आहे:

७:३० – चौकीवर
७:५० – चालायला सुरुवात, उतरत्या पाण्याच्या मागोमाग
९:१५ – सगळ्यात लांबच्या टोकाला
९:३० – परत फिरायचं, समोर काहीही दिसत असलं तरी
१०:३० – तिवरांच्या अलीकडे

लोक ओहोटीच्या वेळी *पोहोचतात*, ही पहिली चूक. तेव्हा पोहोचलात तर चालायला लागेपर्यंत पाणी वळलेलं असतं आणि तुम्ही भरतीच्या तोंडावर आत निघालेले असता. दुसरी चूक म्हणजे समोरच्या पाण्यावर नजर ठेवणं. तो तळ जवळजवळ सपाट आहे, पण त्यात ओहळ आहेत. भरती आधी त्या ओहळांतून शिरते आणि तुमच्या *मागे* भरते. समोर पाणी लांब दिसत असतं आणि परतीच्या वाटेवर मांडीपर्यंत आलेलं असतं.

अंतर फार नाही, जाऊन-येऊन दोन-तीन किलोमीटर. पण वेग तासाला एक-दीड किलोमीटर धरा. आधी तिवरं (तिकडे त्यांना चेर म्हणतात) आणि त्यांची जमिनीतून वर आलेली श्वासमुळं, त्यांवर पाय द्यायचा नाही. तिथल्याच चिखलात निवटे (मडस्किपर मासे) उड्या मारताना दिसतील, मुलांना ते प्रवाळापेक्षाही जास्त आवडतात. मग वाळू-चिखलाचा पट्टा, मग शेवाळी खडक, आणि त्यापुढे डबकी आणि प्रवाळ. सगळ्यात जास्त लोक पडतात ते शेवाळी खडकांवर. हिरवंगार, सपाट आणि चालायला सोपं दिसतं ते सर्वांत निसरडं. खरबरीत, ओबडधोबड दगडावर पाय द्या. पाऊल पूर्ण टेकवा, टाचेवर भार नको.

पायताण: फ्लोटर्स नकोत. चिखल ओढून घेतो आणि पट्टा तुटतो, शिवाय कालवांच्या (खडकांना चिकटलेल्या शिंपल्यांच्या) कडा ब्लेडसारख्या असतात आणि उघड्या बोटांना लागतात. गमबूटही नकोत, एकदा वरून पाणी शिरलं की प्रत्येक पाय दोन किलोचा होतो. जुने, नाडीचे, पातळ तळव्याचे कॅनव्हास बूट सगळ्यात बरे. पाणी शिरतं तसं निघूनही जातं. आत पोटरीपर्यंतचे मोजे घाला, नाहीतर वाळू टाच सोलते. नाडी दुहेरी गाठीने बांधा.

गाडीत दहा-पंधरा लिटर साधं पाणी आणि एक मग ठेवा, पाय आणि बूट धुवायला. खायचं-प्यायचं जामनगरहूनच घेऊन निघा.

---

सिंहगडरोडकर

सगळ्यांचे मनापासून आभार. तिथी पाहिली, खरंच अष्टमी निघाली! तारखा बदलायच्या प्रयत्नात आहे. तिथे नेमकं काय बघायचं आणि कसं, हेही कोणी सांगेल का? आणि आईचं?

---

निवटी

नरारा ज्यात येतं ते देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान. १९८० मध्ये अभयारण्य आणि १९८२ मध्ये सुमारे १६३ चौरस किलोमीटरचा गाभा राष्ट्रीय उद्यान झाला. ४२ बेटं आहेत, पण पायी प्रवाळापर्यंत नेणाऱ्या जागा मोजक्याच.

बघायची रीत: डबक्याच्या कडेला उकिडवं बसा, सावली पाण्यावर पडणार नाही अशा बाजूला, आणि दोन मिनिटं काहीही करू नका. पहिल्या अर्ध्या मिनिटात डबकं रिकामं वाटतं. मग एक खेकडा हलतो, मग वाळूचा एक तुकडा मासा निघतो.

ऑक्टोपस शोधायचा तर त्याला शोधू नका, त्याचं उष्टं शोधा. दगडाच्या फटीपाशी खेकड्यांची कवचं आणि शिंपल्यांचा ढीग दिसला की आत घर असण्याची शक्यता खूप. रंग आणि पोत क्षणात बदलतो, पण डोळा आणि श्वासाची उघडझाप लपत नाही.

केंड मासे (पफर फिश, अंग फुगवणारे) ओहोटीत डबक्यांत अडकून पडतात. इथे एक नाजूक गोष्ट. काही वाटाडे पर्यटकांसाठी केंड उचलून फुगवून दाखवतात. मुलं टाळ्या पिटतात, पण केंडाचं ते फुगणं जीव वाचवायची शेवटची धडपड असते. पाण्याबाहेर तो हवा गिळून फुगतो आणि ती हवा नंतर बाहेर टाकणं त्याला कठीण जातं. निघायच्या आधीच वाटाड्याला नम्रपणे सांगा, "काका, आम्हाला हात न लावता बघायचंय." बहुतेकांना उलट बरं वाटतं. ते दाखवतात कारण लोक मागतात.

समुद्रफुलं (सी ॲनिमोन) वाळूवर गालिच्यासारखी पसरलेली असतात. काहींच्या कडेला पारदर्शक, ठिपक्याठिपक्यांच्या कोळंब्या वावरतात. बोट लावलं की फूल मिटतं, मग पुढच्या माणसाला नुसता चिखलाचा गोळा दिसतो. समुद्रकाकडी, तारामासे, चपटकृमी, समुद्री गोगलगाई हे वेळ दिला तर दिसतंच. प्रवाळांत मेंदूसारख्या वळ्यांचे गोल प्रवाळ ओळखायला सर्वांत सोपे. जिवंत प्रवाळ हिरवट, तपकिरी किंवा जांभळट दिसतो, मेलेला मळकट पांढरा आणि शेवाळाने झाकलेला. मनात थायलंडच्या जाहिराती असतील तर त्या घरी ठेवून या. आखातात गाळ खूप, पाणी हिवाळ्यात गार आणि उन्हाळ्यात तापलेलं, ओहोटीत वर कडक ऊन. एवढं सोसून जे प्रवाळ उरलेत ते दणकट आहेत, देखणे असतीलच असं नाही.

दगड उलटवला तर तसाच्या तसा परत ठेवायचा, खालची बाजू खालीच. त्या बाजूला अंडी, स्पंज, कृमी असतात, ते उन्हात तासाभरात मरतात. खरं तर उलटवूच नका.

शंख-शिंपले, अगदी मेलेल्या पोवळ्याचा तुकडाही खिशात घालायचा नाही. राष्ट्रीय उद्यानातून काहीही उचलणं गुन्हा आहे. शिवाय प्रवाळ आणि समुद्रकाकड्या १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत.

---

दुर्बीणवाला

आजींबद्दल: गुडघे कुरकुरत असतील तर शेवाळी खडकांचा टप्पा नको. तिवरांपुढचा घट्ट वाळूचा पट्टा आरामात जमेल. काठी न्या, पण टोकदार नको, ती चिखलात रुतून बसते आणि उपसताना तोल जातो. ट्रेकिंगच्या काठीला खाली रुंद चकती लावा किंवा जाड रबरी बुडाची साधी काठी चालेल. एक मोठं माणूस त्यांच्याबरोबर थांबावं. वाटाड्या एकच असेल तर गट फुटण्याआधी त्याला तसं सांगा.

आणि त्यांना दुर्बीण द्या. ओहोटीचा चिखल म्हणजे पक्ष्यांचं ताट असतं. हिवाळ्यात कुरल, तुतारी, चिखल्यांचे थवे, समुद्री बगळे, रोहित (फ्लेमिंगो). खास बघायचा तो क्रॅब प्लोव्हर: काळा-पांढरा, लांब पायांचा, जाड काळ्या चोचीचा. चार पावलं धावतो, थांबतो, खेकडा उचलतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर तो सहजी दिसत नाही, कच्छच्या आखातात दिसण्याची शक्यता चांगली. पाणी चढायला लागलं की सगळे पक्षी किनाऱ्याकडे सरकतात. म्हणजे तुम्ही परत येताना आजींना सगळ्यात जवळून पक्षी दिसलेले असतील, तुमच्यापेक्षा जास्तच.

दुपार मोकळी राहील ती खिजडिया पक्षी अभयारण्याला द्या. जामनगरपासून बारा-एक किलोमीटर. समुद्राचं पाणी अडवायला घातलेल्या बांधामुळे एका बाजूला गोडं पाणी आणि दुसरीकडे खारं, म्हणून दोन्हीकडचे पक्षी एकाच फेरीत. ते रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे. चारनंतर जा. सूर्यास्ताला क्रौंच आणि कांड्या करकोचे मुक्कामाला उतरतात, आधी आवाज येतो आणि मग रांगा दिसतात. रस्ता सपाट, आजींना काही त्रास नाही.

पिरोटन या फेरीत सोडा. बेटावर जायला वेगळी परवानगी लागते आणि प्रवेशावर निर्बंध असतात. मिळाली तरी होडी भरतीला सुटते, ओहोटीत चिखलात बसते आणि पुढच्या भरतीलाच परत निघते. म्हणजे सक्तीचे बारा तास, सावली आणि पाणी बेताचं. नऊ वर्षांच्या मुलासाठी नाही.

---

खारा वारा

इजांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

वाळूच्या उथळ पाण्यातून जाताना पाऊल उचलून टाकू नका, घासत न्या. पाकट (स्टिंग रे मासा) वाळूत अंग पुरून बसतं. पाय घासत आला की ते आधीच निसटतं, वरून पाय पडला तर शेपटीचा काटा मारतं. लागलाच तर जखम सोसवेल तितक्या गरम पाण्यात (४०–४५ अंश) अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा, वेदना बरीच उतरते. पाणी आधी दुसऱ्याने हाताने तपासावं, कारण दुखऱ्या पायाला चटका कळत नाही. मग डॉक्टर. थर्मासमध्ये गरम पाणी नेलं असेल तर चहाही होतो. प्रवाळावर मात्र पाय घासायचे नाहीत, तिथे बघून, दगडावरच.

शंकूच्या आकाराचा, नक्षीदार शंख हातात घ्यायचा नाही. कोन शंख विषारी नांगी मारतो. मुलांना निघण्याआधीच सांगा.

कालवाने कापलं तर साध्या स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा, आत कण राहू देऊ नका, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते बघा. आईंना मधुमेह असेल तर छोटा कापही त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. समुद्राच्या पाण्यातले जंतू अशा जखमेत फार वेगाने पसरतात.

---

सिंहगडरोडकर

तारखा पुढे ढकलल्या, आता चतुर्थी येतेय. वाडिनारचा आकडा ०.९, सकाळी ९:४०. सौराष्ट्र मेलने त्याच सकाळी जामनगरला पोहोचतोय, स्टेशनवरून थेट गाडी केली तर?

---

तिवराची शेंग

तारीख छान, पण त्या सकाळी विसरा. गाडी वेळेवर आली तरी स्टेशनातून बाहेर पडून, ६० किलोमीटर जाऊन, परवानगी काढेपर्यंत पाणी वळलेलं असेल. एक दिवस आधी पोहोचा, त्या संध्याकाळी खिजडिया उरका आणि रात्री लवकर झोपा. तृतीयेला पोहोचून चतुर्थीला नरारा. पंचमीचा दिवसही मोकळा ठेवता आला तर ठेवा, ढग-वाऱ्याने पहिला दिवस बुडाला तर हाताशी एक ओहोटी राहते, जराशी उथळ आणि पाऊणएक तास उशिराची.

मुलांसाठी एक करा. सपाट बुडाचा, रंग नसलेला, पारदर्शक प्लास्टिकचा डबा घ्या, साधारण वीतभर लांबी-रुंदीचा. बूड पाण्यात दोन बोटं दाबून धरलं आणि वरून पाहिलं की लहरी आणि चमक नाहीशी होते, डबकं काचेच्या पेटीसारखं दिसतं. बुडाला नक्षी किंवा कंपनीचं नाव उठवलेलं नसावं, नाहीतर नेमकं मधोमध तेच दिसतं. फोनने फोटो काढायचा तर तोही या डब्यात आत ठेवून, भिंग बुडाला टेकवून. फोनची दोरी मात्र गळ्यातच असू द्या.

झाकण घरीच ठेवा. झाकण दिसलं की मुलांना त्यात काहीतरी भरून न्यायची इच्छा होते.

---

सिंहगडरोडकर

हॉटेलची तारीख बदलली. कॅनव्हास बूट पाच जोड, रविवारी आणतो.

---

निवटी

आजींचे अर्धा नंबर मोठे घ्या, जाड मोज्यांसकट बसले पाहिजेत. आणि परत आल्यावर दोनदा साध्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवा.